तारेतला शेवटचा शब्द

जानेफळ, ता. मेहकर
१० डिसेंबर १९६३

चि. जानराव,

हे पत्र फाडायचंच असेल तर वाचून मग फाड. त्या चार पानी पत्रानंतर तीन वर्षांत तुला सात पत्रं लिहिली, पण पोस्टात एकही टाकलं नाही, सातही ट्रंकेत पडून आहेत. हे आठवं पोस्टात जाणार. आता मला बहाणा उरलेला नाही. गेल्या तीस तारखेला मी शाळेतून निवृत्त झालो. हार घातला, नारळ दिला, हेडमास्तरांनी माझ्या कडक शिस्तीवर भाषण केलं आणि पोट्ट्यांनी टाळ्या जरा जास्तच वाजवल्या. मी जाऊन राह्यलो याचा आनंद असेल.

तुझी तीन कार्डं समोर आहेत. दर दिवाळीला एक. तिन्हींवर एकच मजकूर, ‘मी खुशाल आहे. लवकरच येतो.’ इटारसीच्या तारघरात दिवसभर कट्टकट्ट ऐकून लोकांचे शब्द कागदावर उतरवणारा माणूस बापालाही तारेसारखंच लिहिणार, हे मी समजू शकतो. पण बापू, लवकरच म्हणजे केव्हा?

हा प्रश्न माझा नाही. माझ्या शेवटच्या तासाला एका मुलीनं विचारला. मी फळ्यावर इंग्रजी क्रियाविशेषणं लिहिली होती. त्यात ‘सून’ आलं की वर्ग हसतो, पस्तीस वर्षं हसतोय, घरच्या सुनेची आठवण येते त्यांना. मी नेहमीप्रमाणे छडी आपटली. तेव्हा ती पोरगी उभी राहून म्हणते, “सर, सून म्हणजे नेमकं किती वेळात?” पुढच्या तासाला सांगतो म्हणालो. पुढचा तास नव्हता.

तूही मला हेच विचारलं होतंस. तुझ्या मायचं तेरावं आटोपून तू इटारसीला परत गेलास आणि दोन ओळींचं पत्र आलं, ‘बाबा, तारेत कम सून काऊन लिहिलं? ती तार मीच उतरवून घेतली, अन् काही घाई नाही असं समजून चहा प्यायला गेलो.’

आणि मी काय केलं? तुला चार पानं व्याख्यान पाठवलं. जाडा शब्दकोश काढून सांगितलं की हजार वर्षांपूर्वी इंग्रज लोक या शब्दाचा अर्थ ‘या क्षणी’ असाच घेत. पुढे झालं काय, की माणसं ‘या क्षणी येतो’ म्हणायची आणि बाजेवरून उठायची नाहीत. पिढ्यान् पिढ्या असं चाललं आणि शब्दातला ‘क्षण’ झिजून गेला, उरलं ते ‘येऊ कधीतरी थोड्या वेळानं’. तेव्हा मूळ अर्थानं पाहता माझी तार बरोबर होती, असं मी लिहिलं. खाली सही केली आणि सहीपुढे बी. ए. लिहिलं. ज्या पोराची माय जाऊन महिना झाला नव्हता त्याला मी बी. ए. लिहून पाठवलं. त्यानंतर तू कार्डावर आलास, ते बरोबरच केलंस.

आपल्या गावाची रीत तुला ठाऊक आहे. लग्न असो, जावळ असो, वावराची वाटणी असो, बाहेरगावच्या पोराला बोलवायचं म्हणजे एकच तार, ‘मदर सीरियस, स्टार्ट इमीजिएटली.’ तसं लिहिल्याबिगर साहेब रजा देत नाही. आणि गावात इंग्रजी येणारा मी एकटा. अर्ध्या गावाच्या आया माझ्या हातानं मरणाच्या दारात जाऊन परत आल्या. जनकाबाई तर चार वेळा. चौथ्या वेळी मी मेहकरला तार करून आलो तर ही बाई वावरात कापूस वेचून राह्यली होती.

एकोणसाठ साली आपल्याही घरातून तशी तार गेली. रोहिणखेडची मुलगी पाहायची होती. तू दाढी वाढलेली, डोळे सुजलेले असा येऊन दारात उभा राहिलास आणि समोर तुझी माय पाटावर बसून शेवया वळत होती. तू संध्याकाळच्या गाडीनं मुलगी न पाहता परत गेलास. त्या दिवशी एस.टी.च्या खिडकीशी उभं राहून मी तुला शब्द दिला, की या घरातून पुन्हा खोटी तार जाणार नाही. म्हणून खरी वेळ आली तेव्हा मी भडक शब्द टाळला आणि साधा लिहिला. तेव्हा हेच सांगितलं, आजही हेच सांगतो.

माझं मागणं एवढंच आहे. एकदा घरी ये. दोन दिवस ये. ओरडायचं राहिलं असेल तर इथं येऊन ओरड. माझे कान अजून शाबूत आहेत.

तुझा बाप
उकंडराव
(बी. ए. नाही लिहीत.)


जानेफळ
४ जानेवारी १९६४

चि. जानराव,

उत्तर आलं नाही. येईल असं धरलंही नव्हतं. पण पोस्टमन वेशीत दिसला की मी ओट्यावर पेपर उलगडून बसतो, हे गावाच्या लक्षात आलंय. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही, तसा वाचतो पेपरच.

एक वाईट बातमी आहे. आपल्या शेजारचे गुलाम रसूल पिंजारी गेले. तुझ्या लहानपणच्या सगळ्या गाद्या त्यांच्याच हातच्या. थंडीत छातीत कफ दाटला आणि आठ दिवसांत माणूस संपला. त्यांचा हनीफ भोपाळला असतो, तुझ्याहून दोन वर्षांनी लहान.

डॉक्टर येऊन गेल्यावर त्यांची घरवाली सुगराबी आपल्या दारात आली. म्हणाली, “मास्तर, हनीफले तार कराची हाय.” मी म्हणालो, भाभी, मी तीन वर्षं झाली तारा लिहीत नाही, शाळेतल्या नव्या मास्तरांना सांगा. ती हलली नाही. “नवा मास्तर शब्द लिवतो. तुमाले ठाव हाय त्याचं काय होते ते. तुमीच लिवा.”

जानराव, टोपी घातली आणि मेहकरची गाडी धरली.

तारेच्या खिडकीत अजून अब्दुल गनीच आहे. मला पाहून तो उठून उभा राहिला. मी फॉर्म भरला, ‘फादर सीरियस, स्टार्ट इमीजिएटली.’ हीच ओळ मी शे-दोनशे वेळा लिहिली असेल, पण आयुष्यात पहिल्यांदा ती खरी पाठवत होतो. गनीनं फॉर्म वाचला. तो वर पाहून हळूच म्हणाला, “सर, खरी हाय का?” बघ, काय करून ठेवलंय मी. खिडकीतल्या माणसाला विचारावं लागतं, की बाबा, हे मरण खरं आहे ना. मी मान हलवली. “मंग मी खाली ‘ट्रू’ जोडतो,” तो म्हणाला, आणि त्यानं आपल्या मनानं तो शब्द जोडला.

हनीफ दुसऱ्या दिवशी दुपारी आला. गुलाम रसूलनं डोळे उघडले, पोराला ओळखलं, आणि काय विचारलं माहीत आहे? “चाय पिला का?” शुक्रवारी सकाळी ते गेले. तोवर हनीफ उशाशीच होता.

मातीवरून परत आलो तर सुगराबीनं निरोप पाठवला होता, “मास्तरच्या तारेनं बापलेकाची भेट झाली.” तिनं चांगल्या मनानंच पाठवला. मी घरात येऊन दार लावून घेतलं आणि मनसोक्त रडलो. तुला सांगायला लाज वाटत नाही. पंचावन्न वर्षांचा मास्तर, धोतराचा सोगा तोंडात कोंबून रडलो, शेजारी दुखवट्याचं घर आहे, आवाज जाऊ नये म्हणून.

आता एक गोष्ट कबूल करतो. एकोणसाठची ती खोटी तार ‘तुझ्या मायनं हट्ट धरला म्हणून’ केली, असं मी तुला सांगितलं होतं. ते साफ खोटं आहे. कल्पना माझी. ती उलट म्हणत होती, “असं अभद्र नका लिवू वो, पोरगा घाबरन.” मी हसलो आणि म्हणालो, अगं, सगळेच लिहितात. तू दारात उभा राहिलास तेव्हा ती खाली मान घालून शेवया वळत बसली आणि तुझा सगळा राग अंगावर घेतला. पुढे तू दोन महिने तिला पत्रातून नमस्कारही लिहिला नाहीस. तिनं एकदाही सांगितलं नाही की हे मास्तरांचं काम आहे. मीही सांगू दिलं नाही.

नाव उकंडराव, आणि वागणंही उकिरड्यासारखंच झालं. आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून तुझ्या आजीनं मला उकिरड्यावर ठेवून उचललं आणि हे नाव ठेवलं. तुझी माय चिडली की म्हणायची, “आत्याबाईनं तुमाले उचललं खरं, पर झटकलं नाई.”

ये बाबा.

उकंडराव


जानेफळ
१७ जानेवारी १९६४

चि. जानराव,

तिथीनं आज तुझ्या मायचं श्राद्ध. घास ठेवला तर कावळा शिवायला तयार नाही. वरच्या फांदीवर बसून माझ्याकडे नुसता पाहत राहिला. ब्राह्मण म्हणाला, काही इच्छा राहिली असेल बाईंची, मनात बोला. मी मनात बोललो, ‘यंदा त्याला सगळं लिहून टाकतो.’ कावळा उतरला. तू हसशील. मीही एरवी या गोष्टी मानत नाही.

तर ऐक. आधीच्या दोन पत्रांत मी तुला अर्धंच सांगितलं.

तो सोमवार होता. मेहकरचे डॉक्टर घरी येऊन मायला तपासून गेले. ओट्यावर आले आणि चपला घालता घालता म्हणाले, “मास्तर, दोन दिवस धरा. कोणाला बोलवायचं असेल तर बोलवा.” त्यांनी हे स्पष्ट सांगितलं होतं. मी तुला आजवर ‘डॉक्टरलाही अंदाज नव्हता’ असं सांगत आलो. डॉक्टरला होता आणि मलाही होता.

मंगळवारी मी मेहकरला गेलो. फॉर्म घेतला. ‘मदर सीरियस, स्टार्ट इमीजिएटली’ असंच लिहिलं. शाई वाळायची होती. आणि ते शब्द मी पुन्हा वाचले. शे-दोनशे वेळा लिहिलेली ओळ, पण माझ्या मंजुळेसाठी ती खरी लिहिली नव्हती कधी. मला वाटलं, मी हे लिहिलं तर ते खरं होईल. मी इमीजिएटली पाठवलं म्हणजे ती जाणार हे मी कबूल केलं. सीरियस खोडून ‘अनवेल’ केलं. मग खालची ओळ खोडून ‘कम सून’ केलं. ते वाचलं तेव्हा मला बरं वाटलं, एखाद्याला सर्दीताप झालाय असं वाटलं.

गनीनं विचारलं, “सर, इमीजिएटली काऊन खोडलं?” मी त्याला तिथंच ऐकवलं, की तुम्ही लोकांनी तो शब्द वापरून वापरून त्याची चिंधी केलीय, मी प्रामाणिक माणूस आहे, मी मोजून शब्द लिहितो. त्याला गप्प केलं तसं पुढे तुलाही शब्दकोश दाखवून गप्प केलं. जानराव, शब्दाचा काही दोष नव्हता रे. तुझ्याशी प्रामाणिक राहावं म्हणूनही मी तो लिहिला नाही. मी घाबरलो. बायको जाणार या भीतीनं मी पोराला खोटं लिहिलं. एकोणसाठ सालची तार खोटी होती, तशी एकसष्टचीही खोटीच होती. फक्त उलट्या बाजूनं.

मंगळवारी रात्रीची गाडी धरली असतीस तर बुधवारी संध्याकाळी घरात असतास. ती गुरुवारी पहाटे गेली. हा हिशेब तूही केला असशील. मी रोज करतो.

आणि आता शेवटचं. हे सांगायचं म्हणून सात पत्रं ट्रंकेत राहिली.

बुधवारी दुपारी ती शुद्धीवर आली. मला जवळ बोलावून विचारलं, “अवो, निघाला का जाना?”

तुझी उलट तार सकाळीच आली होती, ‘लीव्ह फ्रॉम सॅटरडे.’ शनिवारपासून रजा. ती माझ्या सदऱ्याच्या खिशात होती. आणि मी म्हणालो, “हाव, निघाला. खामगावची गाडी धरली असन.”

तिच्या तोंडावर जे आलं ते मला लिहिता येणार नाही, मी कितीही बी. ए. असलो तरी. ती म्हणाली, “मंग वांगे भाजाले सांगा. भरीत करा त्याच्यासाठी. अन् भाकरी टोपल्यात झाकून ठेवजा, रस्त्यानं काई खाल्लं नसन पोरानं.” मग सुगराबीला हाक मारायला लावली आणि तिच्याकडून वेणी घालून घेतली. “जानानं मले असी झिपरी पाहू नये,” म्हणाली. सुगराबीला खरं माहीत होतं. तरी तिनं वेणी घातली, तेल लावून, नीट. संध्याकाळपर्यंत तुझी माय दाराकडे तोंड करून पडून होती. रस्त्यावर कुठलीही गाडी वाजली की म्हणायची, “हे नसन. मागची असन.”

तू मला तेराव्याला म्हणाला होतास, “माय माझी वाट पाहत गेली, अन् मी तिथं चहा पीत होतो.” मी तुला तेव्हा हे सांगायला हवं होतं. तिच्या लेखी तू चहा पीत नव्हतास. तिच्या लेखी तू रस्त्यात होतास. ती ‘जाना आला नाही’ म्हणत गेली नाही, ‘जाना येऊन राह्यला’ म्हणत गेली. पण हे तुला सांगायचं तर मी मरणाऱ्या बाईशी खोटं बोललो हे सांगावं लागलं असतं, आणि खोटं का बोलावं लागलं हेही. म्हणून माझी अब्रू झाकायला तुझा जीव तीन वर्षं टांगून ठेवला. याला काय म्हणतात ते माझ्या जाड्या शब्दकोशातही नाही.

आज सुगराबीला हे पत्र लिहितोय असं सांगितलं. ती इद्दतीत आहे, नवऱ्याच्या दुखवट्यात घराबाहेर पडत नाही, तेव्हा मधल्या भिंतीपलीकडूनच बोलते. म्हणाली, “पत्र कायले? पत्र पाच दिवस जाते. तार करा.”

मी म्हणालो, “भाभी, काय लिहू? मी सीरियस नाही.”

“मंग तेच लिवा,” ती म्हणाली.

उकंडराव


मेहकर, तारघराच्या ओट्यावरून
२१ जानेवारी १९६४

चि. जानराव,

तार केली. तुला मिळेल तेव्हा ती तूच उतरवशील की दुसरा कोणी, ठाऊक नाही. म्हणून नक्कल या कार्डावर देतो.

‘फादर इज क्वाइट वेल. प्लीज कम होम.’

गनीनं दोनदा वाचली. म्हणाला, “सर, पंधरा वर्षांत असी तार नाई पाह्यली. बाप ठणठणीत हाय हे वाचून कोन्ता साहेब रजा देईन?” मी म्हणालो, रजेसाठी नाहीच पाठवत. तो पेन्सिल घेऊन शब्दांवर आला. “इज काढा. क्वाइट काढा. तुमीच शिकवलं ना आमाले, तारेत असे शब्द टाकू नाई. अन् प्लीज तं कोनीच टाकत नाई.”

तिन्ही ठेवले, प्लीज तर काढूच दिलं नाही मी. तुझ्या बापानं तुला उभ्या जन्मात तो शब्द म्हटलेला नाही, इंग्रजीतही नाही आणि मराठीतही नाही. यात केव्हा ये ते लिहिलेलं नाही. ते तूच ठरव. लवकर लिहायचा मला अधिकार उरला नाही, आणि ताबडतोब लिहायची गरज नाही. मी खरंच बरा आहे.

उकंडराव


आपल्या दाराच्या कडीत अडकवलेली चिठ्ठी
२३ जानेवारी १९६४, सकाळ

जाना,

मी खामगावला स्टेशनवर तुला घ्यायला जातोय. माझी एस.टी. जाईल आणि तुझी येईल अशी चुकामूक होणं आपल्या नशिबात बसतं, म्हणून ही चिठ्ठी.

काल दुपारी तुझी तार आली. पोस्टमन वेशीपासूनच हातातला कागद हलवत आला, कारण गावाला सगळंच माहीत असतं. मी ओट्यावर उभ्या उभ्या फोडली. एकच शब्द, ‘स्टार्टेड.’ कोणत्या गाडीनं, रजा मिळाली की भांडून निघालास, काही नाही. क्रियाविशेषण नाही. पस्तीस वर्षांत कुठल्या पोट्ट्यानं मला इतकं बरोबर उत्तर दिलं नव्हतं.

तार घेऊन आत गेलो. तुझ्या मायच्या फोटोसमोर उभा राहिलो. चष्मा काढला, घातला. मग तिला सांगितलं, “निघाला. खामगावची गाडी धरली असन.”

तेच शब्द. या वेळी खरे होते.

किल्ली सुगराबीकडे आहे, भिंतीवरून हाक मार. आज पहाटे तिनं वांगी भाजली, मी भाकरी थापल्या. कडा फाटल्यात, हसू नको. भरीत पातेल्यात आहे, भाकरी टोपल्यात झाकून ठेवल्यात. तुझ्या मायनं सांगितल्या होत्या त्या. रस्त्यानं काही खाल्लं नसशील, माझ्यासाठी थांबू नको, जेवून घे.

बाबा